जावक झाली, आवकेचं काय?

*काकू, नमस्कार. डोंबिवलीला दोन बेडरूमच्या घरात आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई राहतो. दसऱ्याच्या आधी आठवडाभर रजा टाकून मी घर उपसून काढलं. अकरा गोण्या सामान निघालं, भंगारवाला दोनदा येऊन गेला. माळ्यावर सासूबाईंच्या जुन्या बरण्या आणि पितळी डबे होते, वर्षानुवर्षं कोणी हात लावत नव्हतं, तेही देऊन टाकले. दिवाळीत येईल तो म्हणायचा, घर केवढं मोठं वाटतंय! आता होळी झाली आणि घर पुन्हा होतं तसंच. खुर्चीवर कपडे, टेबलावर कागद, फ्रीजवर डबे. आवरायला सोपं जावं म्हणून चौदा प्लास्टिकचे खोके मागवले, तेही भरले. सासूबाई श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन ठेवतात, सांगून ऐकत नाहीत. नवरा म्हणतो, 'तुलाच सगळं हॉटेलसारखं लागतं.' माझंच काही चुकतंय का? दर सहा महिन्यांनी हेच करत बसायचं का?*

*— एक वाचक, डोंबिवली*

काकू म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

तुझं पत्र वाचलं आणि मला माझं जुनं ऑफिस आठवलं. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली नऊ आवक-जावकच्या टेबलावर काढली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्या टेबलावर यायचा. त्याला क्रमांक पडायचा, तारखेचा शिक्का बसायचा, कोणाकडे द्यायचा ते वहीत लिहिलं जायचं आणि मगच तो आत जायचा. क्रमांक न पडता एखादा कागद आत घुसला, की त्याला वाली नसायचा. या टेबलावरून त्या टेबलावर फिरत फिरत तो शेवटी कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसायचा. तुझ्या फ्रीजच्या डोक्यावर जे बसलंय ना, ते हेच.

तू दसऱ्याला केलीस ती जावक. दणक्यात केलीस, शाबास. पण आवकेच्या टेबलावर कोणीच बसलेलं नाही, दार सताड उघडं आहे.

आमच्याकडेही असं झालंय, म्हणून हसू नकोस. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी आपल्या कार्यालयाची अशी काही घडी बसवली, की 'लखिना पॅटर्न' हा शब्द राज्यभरातल्या कारकुनांच्या तोंडी बसला. ती नुसती झाडलोट नव्हती. दप्तराची वर्गवारी झाली, टेबलांची मांडणी बदलली, काम कसं करायचं तेही बदललं. पुढे मी होते त्या एका कार्यालयातही साहेबांना तशीच हौस आली. दोन शनिवार-रविवार आम्ही नाकाला फडकी बांधून दप्तरखाना उपसला. लाल फडक्यातले गठ्ठे सोडले, झटकले, निम्मे नष्ट केले, भिंतींना रंग लावला, फोटो काढले. पाच रॅक रिकामे झाले. तीन आठवड्यांत शेजारच्या विभागाने त्यातल्या दोनांवर आपले मोडके पंखे आणून ठेवले, एकावर निवडणुकीचं सामान आलं आणि उरलेल्यांवर आमचे आम्हीच बसलो. लखिनांची निम्मीच नक्कल आम्ही केली होती, झाडलोटीची. तुझंही तेच झालंय, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नकोस.

आता दाराशी बसून बघू, आत काय काय येतं.

संक्रांत ते रथसप्तमी तू किती हळदीकुंकवांना गेलीस? दहा-बारा तरी असतीलच. म्हणजे दहा-बारा वाणं. चाळणी, टिकलीएवढी वाटी, प्लास्टिकचा टब, झाकणाचा डबा, मोबाइल ठेवायचं स्टँड. ओटीचे ब्लाऊज पीस वेगळे. ते कोणी शिवत नाही हे देणारीलाही ठाऊक असतं, तरी बिचारे या घरातून त्या घरात फिरतात. आमच्या सोसायटीत एक मोरपंखी पीस मी तीनदा ओटीत घेतलाय, कोपऱ्यावर पेनाचा ठिपका होता म्हणून ओळखला. मुलांच्या मित्रांचे वाढदिवस झाले की रिटर्न गिफ्टचे पाऊच आणि बाटल्या. नवऱ्याच्या ऑफिसातून टी-शर्ट आणि लॅपटॉपच्या बॅगा. हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे, सोबत सॉसच्या पुड्या. आणि पिशव्या! २०१८च्या जूनमध्ये प्लास्टिकबंदीचा दंड सुरू झाला, तेव्हापासून प्रत्येक घरात दाराआड एक फुगलेली कापडी पिशवी लटकते आणि तिच्या पोटात बाकीच्या पिशव्या.

यातली एकही वस्तू तू ठरवून घरात आणलेली नाहीस. म्हणून 'मी खरेदी कमी करते' या बाण्याने काही होत नाही. आवकेला टेबल लागतं. ते खरोखरचं कर: दाराजवळ चपलांच्या कपाटावर एक परडी किंवा ट्रे, एकच, आणि छोटा. बाहेरून आलेलं जे जे जेवणात जात नाही ते आधी तिथे. रात्री झोपण्याआधी तिथल्या प्रत्येक वस्तूचा निकाल लागला पाहिजे: जागा, परत, किंवा बाहेर. 'बघू नंतर' हा निकाल नाही. परडी भरून वाहायला लागली की मोठी आणू नकोस.

पुढच्या संक्रांतीला तुझ्याकडचं वाण तरी असं दे की जे संपेल. वातींची पुडी, कापूर, पाव किलो गूळ, घरचा गोडा मसाला. गेली सहा वर्षं मी मसालाच देते. सुरुवातीला दोघी-तिघींनी नाक मुरडलं. आता पौषातच विचारतात, या वर्षी तिखट किती घातलंय म्हणून. पिशव्यांचं सांगायचं तर नऊ पुरतात. दोन दाराशी, दोन गाडीच्या डिकीत, एकेक प्रत्येकाच्या पर्समध्ये किंवा दप्तरात. बाकीच्या भाजीवाल्या मावशींना दे, त्या हसत घेतात.

हे झालं दाराचं. पण तुझ्या पत्रातली खुर्ची, टेबल आणि फ्रीज, या तीन जागांचं दुखणं निराळं आहे.

सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत असते. टेबलावरच्या कागदांचे सहा भाग करायचे. आज निपटायचं ते एकात. ज्यावर कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय ते दुसऱ्यात, त्याला म्हणायचं 'प्रतीक्षाधीन'. मग ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं, कायम लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि शेवटी ड वर्ग, म्हणजे मुदत संपली की नष्ट करायचं. यातला ड वर्ग तुला उत्तम जमतो, अकरा गोण्या त्याची साक्ष आहेत. अडलंय ते प्रतीक्षाधीन. मी तर म्हणेन, घरातला दिसणारा पसारा बहुतेक सगळा प्रतीक्षाधीनच असतो. ती नकोशी वस्तू नसते, तिचं पुढचं काम अडलेलं असतं.

फ्रीजवर बघ जाऊन. तिथे शेजारणीचा स्टीलचा डबा आहे की नाही? पैज लावते. तिने कधीतरी साबुदाणा वडे दिले होते. डबा धुऊन, पुसून, लखलखीत करून ठेवलाय. मग परत का गेला नाही? कारण रिकामा डबा द्यायचा नसतो. काहीतरी चांगलं करेन तेव्हा घालून देईन, असं म्हणत तो महिनाभर तिथेच. त्याच्या शेजारी वहिनींचा डबा, त्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीचा. अडकलाय तो डबा नाही, अडकलेत तुझ्या मनातले करंजी-चिरोटे. मूठभर शेंगदाणे घाल. दोन केळी ठेव. नुसती साखर घातली तरी चालते, आमची आई तेच करायची. आजच्या आज तीन डबे जातील.

खुर्चीचंही तेच. एकदा घातलेली जीन्स, दोन तासच अंगावर असलेला कुर्ता. धुवायला टाकवत नाही आणि धुतलेल्या कपड्यांत ठेववत नाही. त्या कपड्यांना घरात अधिकृत जागाच नाही, म्हणून ते खुर्चीवर बसतात, दुसरं काय करतील? बेडरूमच्या दारामागे चांगल्या लाकडी पट्टीवर सात-आठ खुंट्या ठोकून घे. प्रत्येकाला दोन. तिसरा कपडा आला की एक धुवायला गेला. आणि ती खुर्ची त्या खोलीतून काढ. खरंच काढ, बाल्कनीत ने. आमच्या दप्तरखान्यातले ते रॅक आम्ही रिकामे करून तिथेच उभे ठेवले, ही चूक होती. उचलून नेले असते तर शेजारचे पंखे ठेवणार कशावर?

टेबलावरच्या कागदांना फार वेळ देऊ नकोस. घराचा करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्मदाखले, गुणपत्रिका हा अ वर्ग, कायमचा, एका फाइलीत आणि ती कपाटाच्या आतल्या कप्प्यात. वॉरंटी कार्डं आणि त्यांची बिलं एका पाकिटात, वर्षातून एकदा चाळायची. विजेचं बिल, शाळेची जुनी परिपत्रकं, लग्नपत्रिका, संपलेल्या सेलच्या जाहिराती सरळ रद्दीत. पत्रिका टाकताना वरचा गणपती कापून ठेवत असशील तर ठेव बाई, मीही ठेवते. पुस्तकात खूण म्हणून छान होतो.

शिवायला द्यायचा ब्लाऊज, भांडं गळणारा मिक्सर, पट्टा तुटलेली चप्पल, बटण निघालेला शर्ट यांची मात्र एक पिशवी कर आणि ती घराबाहेर जाणाऱ्या माणसाच्या गाडीला लटकव. कपाटात ठेवलीस तर ती पुढच्या दसऱ्यालाच निघेल. शनिवारी तुझा नवरा बाहेर पडला की पिशवी त्याच्याबरोबर. चपलेचं काम चांभाराकडे दहा मिनिटांचं असतं, आपण त्याला दहा महिने लावतो.

चौदा खोक्यांबद्दल थोडं रागावू का? आधी खोके आणायचे आणि मग त्यांत काय ठेवायचं ते शोधायचं, हे म्हणजे पाळणा आणून लग्न ठरवण्यातला प्रकार. झाकणाच्या खोक्यात गेलेली वस्तू आवरलेली नसते, नजरेआड झालेली असते. निम्मे खोके रिकामे कर आणि माळ्यावर ठेवू नकोस, गरज असलेल्या कोणाला तरी देऊन टाक. उरलेल्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिही.

ते लिहायचं तुझ्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी. आमच्याकडे म्हणायचे, कारकून रजेवर गेला आणि फाइल सापडली नाही, तर त्या कारकुनाला हुशार म्हणू नका. तू चार दिवस माहेरी जाऊन बघ. नेलकटर कुठे आहे, गॅसचं पुस्तक कुठे आहे, धाकट्याचे पीटीचे मोजे कुठे आहेत, हे विचारायला किती फोन येतात ते मोज. जितके फोन, तितक्या वस्तूंची जागा घरात नाही, फक्त तुझ्या डोक्यात आहे. आणि जी जागा तुझ्या डोक्यात आहे तिथे दुसरा कोणी वस्तू परत कशी ठेवणार? मुलांच्या दप्तराची खुंटी त्यांच्या खांद्याच्या उंचीवर हवी. मोठ्यांच्या उंचीवर ठोकलीस तर दप्तर सोफ्यावर पडणार, आणि ओरडायचं तुझं काम वाढणार.

नवऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस, पण त्याला मोकळाही सोडू नकोस. 'हॉटेलसारखं लागतं' म्हणणाऱ्याला हॉटेलात कोण आवरतं हे माहीत नसतं. रात्रीचा कुकर लावलास की तीन शिट्ट्या होईपर्यंत घरातल्या प्रत्येकाने उठायचं आणि आपापली वस्तू जागेवर ठेवायची. प्रत्येकाने, त्यानेसुद्धा. तिसऱ्या शिट्टीला बसायचं, उरलं ते उरलं. पहिला आठवडा कुरकुर होईल. आमच्याकडे हे आधी पेपरात डोकं घालून बसायचे, मग मी कुकर लावायलाच उशीर करायला लागले. भूक लागलेला माणूस फार पटकन आवरतो.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस ते.

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'कोणी हात लावत नव्हतं, तेही देऊन टाकले.' सासूबाईंना विचारलं होतंस का, हे तू लिहिलेलं नाहीस. विचारलं असतं तर लिहिलं असतंस, असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ कर.

माझ्या हातूनही हे झालंय. आमच्या ह्यांच्या जुन्या स्कूटरची स्टेपनी गॅलरीत पडली होती. स्कूटर विकून सहा वर्षं झाली होती, म्हणून मी भंगारात घातली. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'विचारायचं तरी होतंस.' स्टेपनीचं काय करणार होते हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्यानंतर वर्षभर ते गॅलरीतल्या सगळ्या वस्तूंवर पहारा देत होते. फुटकी कुंडीसुद्धा टाकू देईनात.

तुझ्या सासूबाईंचे श्रीखंडाचे डबे तो पहारा आहेत, असा मला संशय आहे. संसाराची भांडी आपल्याला न विचारता गोणीत गेली, तर जे हाताशी राहील ते माणूस धरून ठेवतं. त्यांच्या पिढीला तर वस्तू टाकायची म्हणजे तिच्या बदल्यात काही घ्यायचं, हीच रीत ठाऊक. बोहारीण दारात यायची तेव्हा जुन्या साड्यांच्या बदल्यात पातेलं मिळायचं, त्यावर अर्धा तास घासाघीस चालायची, मान असायचा त्यात. जुन्या नऊवारीची गोधडी व्हायची. त्यांच्या डोळ्यांदेखत भंगारवाल्याने बरण्या उचलून नेल्या, आणि त्या गप्प राहिल्या. तू त्यांना 'डबे ठेवू नका' म्हणतेस तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल?

म्हणून त्यांच्याशी डब्यांवरून वाद बंद. स्वयंपाकघरात एक पूर्ण खण त्यांना दे. त्यात त्यांनी श्रीखंडाचे डबे ठेवावेत, रबरबँड ठेवावेत, दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवाव्यात, तू उघडूनही बघायचं नाही. खण भरला तर त्यांचा निर्णय त्यांनी घ्यायचा. बघशील, त्या तुझ्यापेक्षा कडक निघतील. आणि माळ्यावरचं उरलंसुरलं जे असेल ते यापुढे त्यांना विचारल्याशिवाय हलवायचं नाही. गौरी-गणपतीचं सामान तर मुळीच नाही.

आणि एक वस्तू घरात आण. होय, आणच म्हणतेय. बाजारात कैऱ्या यायला लागल्यात, थोड्या दिवसांत लोणच्याच्याही येतील. त्याआधी एका रविवारी सासूबाईंना घेऊन भांड्यांच्या बाजारात जा आणि चिनी मातीची एक बरणी घ्या. जी गेली ती परत येणार नाही, हे तिथे जाऊन एकदा त्यांच्या तोंडावर म्हण. 'चुकलं माझं' इतकंच, लांबण नको. बरणी किती किलोची घ्यायची ते त्या ठरवतील. दुकानदार चार बरण्या पुढे मांडेल. घाई करू नकोस. त्या प्रत्येक बरणी उचलतील, बोटाच्या पेराने वाजवून बघतील. खणखणीत वाजली तर बरी, बद्द वाजली की कुठेतरी चीर आहे. चारही वाजवून होईपर्यंत तू पिशवी धरून उभी राहा.